उसातले शेजारी

रात्री दहानंतर आपल्या घरामागे कोण कोण येऊन जातं, याची यादी करायला बसलात तर किती नावं लिहाल? कुत्री, मांजरं, घुशी... फार तर मुंगूस. आणि मुंगूस तर दिवसा हिंडणारं! झालं, संपली यादी. माझीही एवढ्यावरच संपायची. वाघ आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेला असतो, एखादीने ताडोबाला जाऊन जिप्सीतूनही पाहिलेला असतो. पण बांधावर रोज सकाळी ज्याच्या पावलांचे बारीक ठसे दिसतात, खुराड्याची जाळी जो उचकटून बघतो, भुईमुगाचे वेल जो उकरतो, तो नेमका कोण, असं विचारलं तर आपलं उत्तर ठरलेलं. 'असेल काहीतरी!'

या 'काहीतरी'ला नाव मिळवून देणाऱ्या एका कॅमेऱ्याविषयी आज लिहायचं आहे. जेवणाच्या डब्याएवढा हा कॅमेरा झाडाला किंवा खुंटीला पट्ट्याने बांधून ठेवायचा आणि आपण घरी निघून यायचं. पुढचं काम त्याचं तो करतो. त्याचं नाव कॅमेरा ट्रॅप. ट्रॅप म्हणजे सापळा, पण यात कुणी अडकत नाही. प्राणी आला, फोटो निघाला, प्राणी आपल्या वाटेने गेला. त्याला कुणी पकडलं नाही, बेशुद्ध केलं नाही, हातही लावला नाही.

माझं माहेर प्रवरेच्या काठचं. चहूबाजूंनी ऊस. लहानपणी 'उसात जाऊ नका' हा धाक असायचा, पण उसात आहे तरी काय, हे कुणी सांगायचं नाही. म्हणून डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास पहिल्यांदा वाचनात आला तेव्हा मी चमकलेच. तो अभ्यास आमच्याच भागातला, अकोले तालुक्यातला. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. २०१३ साली 'प्लॉस वन' या शोधपत्रिकेत तो प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा ठिकाणी, उसाच्या आणि भाजीपाल्याच्या शेतांमध्ये त्यांनी कॅमेरे लावले होते. शंभर चौरस किलोमीटरमध्ये साधारण पाच बिबटे आणि तितकीच तरसं, असा हिशेब निघाला. बिबट्याची बातमी सगळीकडे छापून आली. यायचीच!

मला मात्र त्या बातमीपेक्षा कॅमेऱ्यात आलेल्या बाकीच्यांची नावं जास्त आवडली. वाघाटी, जवादी मांजर, खोकड, रानमांजर, कोल्हा, मुंगूस. हे सगळे आपल्या उसात, आपल्या बांधांवर, आपण झोपलो की कामाला लागणारे. आणि त्याच ओळीत शेवटी आणखी एक नोंद आहे. गावातली तऱ्हेतऱ्हेची माणसं! कॅमेऱ्याला काय, समोरून जो जाईल त्याचा फोटो तो काढणार. ही नोंद लक्षात ठेवा, तिच्याकडे पुढे यायचं आहे.

आधी वाघाटीबद्दल थोडं. मांजरकुळातली ही जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटी एक ते दीड किलोची, म्हणजे आपल्या घरच्या मनीपेक्षाही हलकी. अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून ती जगात कुठेही नाही. उंदीर हे तिचं मुख्य खाणं, त्यामुळे शेतकऱ्याच्या दृष्टीने फुकटची राखणदारच म्हणायची. पण ती पाहिलेली माणसं किती? दिवसा झाडाच्या ढोलीत नाहीतर उसाच्या गचपणात, रात्री शिकारीवर. आयुष्यभर शेतात राबलेल्या माझ्या आईने ती कधी पाहिली नव्हती.

ती माणसांना दिसते ती ऊसतोडीच्या दिवसांत, आणि तेही पिल्लांच्या रूपात. पहाटेच्या अंधारात फडात उतरलेली बाई वाकून बुडख्याशी कोयता घालते, पाचट बाजूला सारते, आणि समोर ठिपक्याठिपक्यांची मुठीएवढी पिल्लं! 'बिबट्या, बिबट्या' असा आरडाओरडा होतो, कारण वाघाटीची पिल्लं बिबट्याच्या बछड्यांसारखी दिसतात. माणसं जमतात, मोबाइल बाहेर निघतात, कुणीतरी मायेने गाईचं दूध पाजायला बघतं. आई मात्र तिथेच जवळपास दडून बसलेली असते. गर्दी आहे तोवर ती येणार नाही, आणि पिल्लं उचलून नेली तर ती आली तरी तिला काही सापडणार नाही.

जुन्नर भागात वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातली 'वाइल्डलाइफ एसओएस'ची मंडळी अशा वेळी एक साधी गोष्ट करतात. पिल्लांना डॉक्टर तपासतात, आणि संध्याकाळी त्याच शेतात, त्याच जागी, एका क्रेटमध्ये ती परत ठेवली जातात. समोर कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी लांब जायचं. रात्री आई वासावर येते, मानेला धरून एकेक पिल्लू उचलून नेते. बिबट्याच्या बछड्यांच्या बाबतीत हे अनेकदा झालं आहे, आणि वाघाटीच्या, रानमांजराच्या पिल्लांच्या बाबतीतही. मचाणावर माणूस बसवून हे काम झालं नसतं. माणसाचा नुसता वास आला तरी आई बिचकते. म्हणून तिथे पाहायला यंत्रच हवं. सकाळी क्रेट रिकामं दिसलं, एवढ्यावर समाधान मानता येत नाही, कुत्र्यांनीही पिल्लं नेलेली असू शकतात. आई आली होती हे फोटोवरूनच कळतं. (तुमच्या शेतात अशी पिल्लं सापडली तर दूध पाजू नका, घरी आणू नका. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा आणि आधी गर्दी हटवा.)

आता तुम्ही विचाराल, कॅमेऱ्याला कळतं कसं की कुणी आलंय? त्याच्या पोटात एक सेन्सर असतो. आजूबाजूच्या हवेपेक्षा वेगळी उष्णता असलेलं काही समोरून हललं की तो जागा होतो. दुकानात शिरल्यावर आपोआप दिवा लागतो ना, तशीच ही युक्ती. रात्री फ्लॅशऐवजी इन्फ्रारेड प्रकाश पडतो, जो आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून ते फोटो काळेपांढरे असतात आणि प्राण्यांचे डोळे गोट्यांसारखे चमकतात. फोटोखाली तारीख, वेळ आणि त्या वेळचं तापमान छापून येतं. पेन्सिल सेल घातले की कितीतरी आठवडे काम चालतं. अगदीच निर्दोष आहे असं नाही हं! २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासून पाहिलं, तर या कॅमेऱ्यांचा बारीक आवाज आणि प्रकाश प्राण्यांना जाणवू शकतो असं आढळलं. काही प्राणी थबकतात, कॅमेऱ्याकडे रोखून बघतात. पण पिंजऱ्यात रात्र काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

कल्पना तशी जुनी आहे. १९२०च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे वनाधिकारी आपल्याकडच्या उत्तरेतल्या जंगलांत वाटेवर तार बांधून ठेवायचे, वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडून फोटो निघायचा. पुढे १९९०च्या दशकात डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांची मोजणी केली. तेव्हापासून कॅमेरा म्हटला की वाघ, हे समीकरणच झालं. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो काढले, गिनीज बुकात नोंद झाली. त्यांत वाघांचे फोटो होते ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७. म्हणजे शंभरात अर्धासुद्धा नाही! बाकीच्या कोट्यवधी फोटोंत कोण होतं, ते विचारायचं फारसं कुणाला सुचलं नाही. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरी सोडून बाकीचे आपण सगळे असतो ना, तशी ही मंडळी.

हे सगळं मला नुसतं वाचून कळलं असतं तर मी लेख लिहायला बसले नसते. पण गेल्या दिवाळीनंतर माझ्या भावाच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, कॉलेजातून असा एक कॅमेरा आणला. प्राणिशास्त्राचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट करायचं होतं. तिने विषय घेतला 'आपल्या शेतातले लहान सस्तन प्राणी'. दादा खूश. ती कॅमेरा घेऊन शेतावर निघाली, मीही माहेरपणाला आलेली, तिच्यामागून गेले. ओढ्याकडे जाणारी पायवाट आणि बांध जिथे एकमेकांना छेदतात, तिथल्या बाभळीला कॅमेरा बांधायचा असं तिने ठरवलं होतं. प्राणीही माणसांसारखेच, मळलेल्या वाटेनेच जातात. जागा एकदम बरोबर होती.

आणि तिथेच वहिनींनी हात धरला. "इथं नाही."

"अगं आई, इथेच सगळ्यात जास्त येतील!"

"सगळ्यात जास्त आम्हीच येतो इथं," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "वन्सं, तुम्हीच सांगा हिला."

मला सांगायची गरज नव्हती, तुम्हालाही नसेल. घरोघरी संडास झाले, चांगली गोष्ट झाली. पण सकाळी आठला खुरपणीला गेलेल्या बाईने दुपारी जायचं कुठे? बांधाआड, उसाच्या कडेला. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. त्या बाभळीजवळून दिवसभर बायकांचीच ये-जा असते, आणि ती निवांत असते कारण तिथे कुणी बघत नाही. भाची गप्प झाली. ती शहरात होस्टेलला राहते, तिच्या हे लक्षात आलं नव्हतं, पण एका वाक्यात आलं.

वहिनींची भीती काल्पनिकही नव्हती. उत्तराखंडमध्ये कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी चौदा महिने राहून अभ्यास केला. त्यांनी तिथल्या २७० लोकांशी बोलून जे मांडलं, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. सरपण आणि चारा आणायला जंगलात जाणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारत, मोठ्याने गाणी म्हणत जातात. आवाजाने जनावर दूर राहतं, मनही मोकळं होतं. घरात ऐकून घेणारं कुणी नसतं, ते जंगलात मैत्रिणींपाशी बोललं जातं. कॅमेरे आल्यावर त्या आवाज दाबून चालायला लागल्या, गाणी थांबली. कॅमेरा चुकवायला काहीजणी अनोळखी, आडबाजूच्या भागात जाऊ लागल्या. तशा जागी गेलेल्या एका बाईचा पुढे वाघाने बळी घेतला. आणि त्याच भागात शौचाला बसलेल्या एका स्त्रीचा कॅमेऱ्यात आलेला फोटो गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक ग्रुपांवर फिरवला गेला होता! गावकऱ्यांनी मग मिळतील तेवढे कॅमेरे फोडले, जाळले.

वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कॅमेरा वाघासाठी लावला होता, वाघाला त्याने धक्काही लावला नाही. 'हात न लावता अभ्यास' हे त्या जनावरापुरतं खरं होतं. पण वाट एकट्या जनावराची नव्हती.

माझं मत विचाराल तर दोष यंत्राचा नाही, आणि कॅमेरे नकोतच असंही मी म्हणणार नाही. पण कॅमेरा कुठे लावायचा हे ज्या वाटेने बाई रोज जाते तिला विचारल्याशिवाय ठरू नये. हे विचारायला फार मोठी समिती लागत नाही. आमच्याकडे एका संध्याकाळच्या चहात ठरलं. वहिनी, शेजारच्या दोन काकू आणि नेहमी खुरपायला येणाऱ्या तिघी-चौघी ओट्यावर बसल्या, भाचीने कॅमेरा मध्ये ठेवला आणि प्रत्येकीला समोरून चालायला लावून त्यात काय दिसतं ते दाखवलं. हसून हसून पुरेवाट झाली, पण सगळ्यांना नीट कळलं.

मग अटी ठरल्या. कॅमेरा पायवाटेवर नाही, पाटाच्या मोरीपाशी, जिथे बायकांचं काही काम नसतं. तोही वीतभर उंचीवर, तोंड जमिनीकडे झुकवून, म्हणजे चुकून कुणी गेलंच तर पावलं दिसतील, चेहरा नाही. लहान प्राण्यांसाठी असा खाली लावलेला कॅमेराच चांगला, त्यामुळे यावर भाचीची हरकत नव्हती. चालू राहणार फक्त रात्री नऊ ते पहाटे चार, त्या कॅमेऱ्यात तशी वेळ लावायची सोय असते. बांधाच्या दोन्ही टोकांना पाट्या. आणि कार्ड उघडायचं ते वहिनींच्या समोर, माणसाचा फोटो दिसला की तिथल्या तिथे पुसायचा.

वेळेच्या अटीवर मात्र भाची कुरकुरली. "आई, मुंगूस दिवसाचं असतं गं. खारही गेली. माझे निम्मे प्राणी गेले!"

"मुंगूस मी तुला रोज सकाळी दाखवते. त्याला काय फोटो पाहिजे?"

प्रोजेक्टमध्ये तसं लिहावं लागलं, की हा अभ्यास केवळ निशाचर प्राण्यांचा आहे. लिहिलं. काही बिघडलं नाही.

पहिल्या आठवड्याचं कार्ड उघडलं तेव्हा घरातले सगळे लॅपटॉपभोवती. पहिले कितीतरी फोटो नुसत्या गवताचे. वाऱ्याने हललेलं पान, आणि सेन्सर फसलेला. मग शेजाऱ्यांचा बोका, पुन्हा बोका, मग कुत्रं. दादा कंटाळून उठून गेला. आणि मग रात्री पावणेदोनचा एक फोटो. लांबट तोंड, अंगावर ठिपक्यांच्या रांगा, पाठीवर रेघा, शेपटीवर बांगड्या भरल्यासारखी वळी. जवादी मांजर! नंतरच्या दिवसांत साळिंदर आलं, अंगावरचे काटे मिटून, अगदी घाईत असल्यासारखं. कोल्ह्याची जोडी एकदा आली. जवादी जवळजवळ एक दिवसाआड यायचं, आणि नेहमी मोरीतून पलीकडे. वहिनींनी वेळा बघून सांगितलं, "पाटाला पाणी असतं त्या रात्री येत नाही बघ ते." मोरीत पाणी, म्हणजे वाट बंद. शास्त्रज्ञ याच्यापेक्षा वेगळं काय करतात?

वाघाटी मात्र आली नाही. तीन आठवडे कॅमेरा होता, रोज वाट पाहिली, पण नाही. फोटोत आली नाही म्हणजे शेतात नाहीच, असं म्हणता येत नाही, असं भाची म्हणाली. वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो, हा पहिला, हा दुसरा. पण दोन मुंगसं किंवा दोन जवादी मांजरं शेजारी उभी केली तरी आपल्याला फरक कळणार नाही. त्यामुळे लहान प्राण्यांची डोकी मोजता येत नाहीत. मग अभ्यासक काय करतात, तर पुष्कळ जागी कॅमेरे लावून किती ठिकाणी, किती रात्रींतून किती वेळा तो प्राणी दिसला ते पाहतात. त्यावरून तो त्या भागात कितपत पसरला आहे, वाढतो आहे की कमी होतो आहे, याचा अंदाज बांधतात. एका शेतातल्या एका कॅमेऱ्याने एवढंच कळतं, की कोण आलं होतं.

फोटो निवडायचं काम आता कॉम्प्युटरही करतो. मायक्रोसॉफ्टच्या 'मेगाडिटेक्टर' या प्रोग्रॅमला फोटोंचा ढीग दिला की तो तीनच गोष्टी शोधतो, प्राणी, माणूस आणि वाहन. रिकामे फोटो बाजूला पडतात. कुठला प्राणी, हे ओळखणारे प्रोग्रॅमही आहेत, गूगलने त्यांचा एक प्रोग्रॅम २०२५ मध्ये सर्वांसाठी खुला केला. आमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट पहिलीच. माणसांचे फोटो कुणाच्याही नजरेला पडण्याआधी यंत्रच वेगळे काढू शकतं. सोय आहे, वापरायची इच्छा मात्र माणसाला असावी लागते.

एक अडचण राहिलीच होती. उंदीर आणि त्यांच्याहून लहान मंडळी. मोरीपाशी त्यांचे फोटो निघाले खरे, पण काय, तर एक पांढरा फटकारा! इतके जवळून आणि इतक्या वेगाने जातात की कॅमेऱ्याची नजर बसत नाही. ही तक्रार जगभरची आहे, आणि तिच्यावरचे उपाय मला फार आवडले, कारण ते सगळे घरगुती आहेत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये चक्क प्लॅस्टिकची बादली पालथी घातली. बुडाला आतून कॅमेरा, तोंड खाली, कडेला ये-जा करायला भोकं. उंदीर आत शिरला की वरून फोटो, पाठीचा रंग, शेपटीची लांबी, सगळं स्पष्ट. नेदरलँड्समध्ये 'मोस्टेला' नावाची लाकडी पेटी निघाली. विझल हा तिकडचा अगदी छोटा शिकारी प्राणी, अंगलट मुंगसासारखी पण लांबीला जेमतेम वीतभर. कुठलंही बीळ दिसलं की त्यात डोकावल्याशिवाय याला राहवत नाही! म्हणून पेटीतून आरपार पाइप घातला आणि मध्ये कॅमेरा. नॉर्वेत तर बर्फाच्या थराखाली पेट्या पुरून हिवाळाभर लेमिंग आणि व्होल या उंदरांसारख्या प्राण्यांचे फोटो काढले. बर्फाखाली ते काय करतात, हे त्याआधी पाहायला मिळणं फार कठीण होतं.

यापूर्वी काय व्हायचं? अ‍ॅल्युमिनियमचे घडीचे पिंजरे आमिष घालून रात्री ठेवायचे, सकाळी उघडायचे. प्राणी पिशवीत घालून वजन करायचं, कानाला बिल्ला मारायचा, पूर्वी तर खुणेसाठी बोटाचं पेरसुद्धा कापायचे. हे अजूनही काही ठिकाणी लागतं, कारण वजन, आजार, रक्त हे काही फोटोत कळत नाही. पण युरोपातल्या चिचुंद्रीच्या जातीच्या प्राण्यांना दर दोन-चार तासांनी खायला लागतं. पिंजऱ्यात खाणं संपलं की त्या सकाळपर्यंत टिकत नाहीत. आणि पिंजऱ्यात सापडलेली मादी लेकुरवाळी असली तर? ती रात्रभर आत, पिल्लं बिळात उपाशी. हे वाचल्यावर मी भाचीला म्हटलं, बादली आण.

जुनी, कान तुटलेली बादली मिळाली. दादाने सुरीने कडेला दोन भोकं पाडली. जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून भाचीने त्याच्याच जुन्या, जवळच्या चष्म्याची काच कॅमेऱ्यासमोर चिकटवली, आणि प्रकाश फार पडू नये म्हणून दिव्यांवर डॉक्टरी चिकटपट्टी लावली. बादली ठेवली कोठीच्या खोलीत, धान्याच्या कणगीमागे, भिंतीला लागून. आत थोडे शेंगदाणे. कोठीत उंदीर झालेत अशी वहिनींची तक्रार होतीच, आणि उंदरांसाठी बाजारातून आणलेला चिकट पॅड त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून दिला होता.

उंदीर आले. दोन प्रकारचे आले, असं भाची म्हणते. पण चौथ्या रात्रीच्या फोटोंत लांब, टोकदार नाकाची चिचुंद्री होती. चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हेच, धान्यापेक्षा झुरळं आणि किडे खाणारी ती वेगळीच जात. तिच्या शेपटीच्या बुडाला एका पिल्लाने तोंडाने धरलेलं, त्याच्या मागे दुसऱ्याने, त्याच्या मागे आणखी. आगगाडीच्या डब्यांसारखी सगळी एका ओळीत, आईच्या मागोमाग, बादलीच्या एका भोकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. त्यांची चालायची रीतच अशी असते म्हणे, कुणी मागे राहायला नको म्हणून.

वहिनी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग उठून कोठीत गेल्या, तो चिकट पॅड उचलून आणला, त्यावर वर्तमानपत्राचा कागद दाबून बसवला आणि चुलीजवळच्या कचऱ्यात टाकला. हात धुऊन पुन्हा आमच्याजवळ येऊन बसल्या.

"चार आहेत का पाच गं?" त्यांनी लेकीला विचारलं. "मोठं करून दाखव बघू."